जपानी सीआर-व्ही आणि नागपुरातले भरवशाचे हात: प्रकल्प नोंदी

१४ जानेवारी २०२४

गाडी होंडा सीआर-व्ही २.४ ऑटोमॅटिक, २००८ चं मॉडेल, एमएच-३१ पासिंग, मीटरवर १,३८,४०० किमी. साडूंच्या ओळखीतून मिळाली. आधीच्या मालकांनी जीव लावून वापरलीय, पण शेवटची दोन-तीन वर्षं ती जास्त उभीच होती. चॅसिस नंबर जेएचएल पासून सुरू होतो म्हणजे अख्खी जपानमध्ये बनून आलेली, इथल्या होंडाचे नंबर एमएके पासून सुरू होतात.

इम्पोर्टेड जपानी गाडी म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं तिकडून कोणी सेकंडहँड उचलून आणली असेल, पण ते आपल्या देशात जवळपास होतच नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे, मुंबई बंदरातूनच उतरली पाहिजे आणि वरून ड्युटी एवढी की त्यात इथे दुसरी गाडी येते. म्हणून आपल्या रस्त्यावर दिसतात त्या बहुतेक कंपन्यांनीच तयार आणून विकलेल्या, म्हणजे ही सीआर-व्ही, मारुतीने आणलेली जुनी ग्रँड विटारा, निस्सानची एक्स-ट्रेल, टोयोटाची प्राडो. संख्या मुळातच कमी, आणि नागपुरात तर अजूनच कमी, त्यामुळे मिस्त्रीच्या हाताखालून अशी गाडी वर्षात एखाद वेळा जाते आणि तो आपल्या सिटी-स्विफ्टच्या सवयीनेच काम करतो. २०२० च्या डिसेंबरात होंडाने ग्रेटर नोएडाचा कारखाना बंद केला तेव्हा तिथे जोडली जाणारी नंतरची सीआर-व्हीही भारतात विकायची थांबली, म्हणजे नवीन मिस्त्री ही गाडी शिकेल तरी कशाला.

तर काम असं, की या गाडीच्या एकेका भागासाठी नागपुरात माणूस शोधायचा आणि कोण काय कसं करतो ते इथे लिहून ठेवायचं. आत्ताच्या तक्रारी: गाडी पूर्ण वळवून पार्किंगमधून काढताना मागून गुरगुर आवाज आणि हलका झटका, इंजिनचा पिवळा दिवा, गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवून सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगला थरथर, आणि एसी दुपारी दम टाकतो.

२१ जानेवारी

आज रविवार असूनही बरीच गॅरेजं उघडी होती. कामठी रोड, मग मानेवाडा, मग वाडीकडचा भाग. प्रत्येक ठिकाणी गाडी खोलायला न देता फक्त एक प्रश्न विचारला, मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचा, म्हणजे डिफरेन्शियलचा: भाऊ, याच्या मागच्या डिफरेन्शियलमध्ये कोणतं ऑइल टाकाल?

बहुतेकांचं उत्तर एकच, ८०-९० गिअर ऑइल. आणि तेही इतक्या झटक्यात की त्यांनी क्षणभर विचारही केला नाही. गिअर ऑइल बाकी गाड्यांना बरोबर असेल, पण या गाडीच्या मागच्या डिफमध्ये दोन हायड्रॉलिक पंप असतात, एक पुढच्या चाकांच्या वेगाने फिरतो आणि दुसरा मागच्या. पुढची चाकं घसरायला लागली की दोन्ही पंपांच्या वेगात फरक पडतो, त्या फरकातून दाब तयार होतो, तो दाब क्लच प्लेटा आवळतो आणि मग मागच्या चाकांना ताकद मिळते. हे सगळं चालतं त्याच ऑइलवर, म्हणून होंडाने त्यासाठी वेगळं ड्युअल पंप फ्लुइड काढलंय. त्यात जाड गिअर ऑइल गेलं तर प्लेटा नको तेव्हा पकडतात. होंडाचं हेच ऑइल जुनं झालं तरी तेच होतं, वळताना गुरगुर. माझ्या गाडीचा आवाज त्याचाच असणार असं वाटून राहिलंय.

मानेवाड्याला एक काका भेटले, साठीच्या आसपासचे, गॅरेज छोटं, लिफ्ट नाही, खड्डा आहे. त्यांनी प्रश्न ऐकला, चष्मा लावला, गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, ही मी कधी खोलली नाही, मॅन्युअल बघून उद्या सांगतो, तोपर्यंत कोणाले हात लावू देऊ नका." बस, मला जे ऐकायचं होतं ते हेच. सगळं येतं म्हणणारे शहरात पायलीला पन्नास मिळतात. जे येत नाही ते येत नाही म्हणून आधीच सांगणाऱ्या माणसाच्या हातात सोळा वर्षांची गाडी द्यायला जीव घाबरत नाही.

२२ जानेवारी

काकांचा सकाळीच फोन. ड्युअल पंपच लागते, गिअर ऑइल अजिबात नाही. ठरलं.

२८ जानेवारी

पिवळ्या दिव्याचं प्रकरण. काकांकडे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं मशीन, नाही; त्यांनी स्वतःच सांगितलं की हे काम स्कॅनरवाल्याकडे करा. म्हणून शहरातल्या एका मोठ्या, चकाचक मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये गेलो. पोऱ्याने स्कॅनर लावला, कोड आला पी०१३५, आणि मी फोटो काढतो म्हणेपर्यंत त्याने तो पुसूनही टाकला. मग सल्लागार आला आणि म्हणाला एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा पुढचा एअर-फ्युएल सेन्सर गेला, इम्पोर्टेड पार्ट आहे, वीस हजारांच्या पुढे जाईल, अॅडव्हान्स द्या.

पी०१३५ म्हणजे सेन्सर गेला असं नसतं. सेन्सरला गरम करणारा जो हीटर असतो त्याच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच तो कोड सांगतो. फ्यूज असेल, वायर असेल, कनेक्टरमधला गंज असेल, नाहीतर खरंच सेन्सर असेल. कोणी फ्यूज बघितला नाही, मीटर लावला नाही. शिवाय कोड पुसला की त्याच्यासोबतची फ्रीज-फ्रेमही जाते, म्हणजे दिवा लागला तेव्हा इंजिन किती गरम होतं, गाडी किती वेगात होती ही माहिती, आणि पुढच्या माणसाला तीच सगळ्यात जास्त कामी येते. अॅडव्हान्स न देता गाडी बाहेर काढली.

संध्याकाळी गड्डीगोदामच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. भाई शांत माणूस. आधी फ्यूज, मग सेन्सरचा कनेक्टर काढून हीटरचा रेझिस्टन्स मोजला, तो ठीक निघाला, मग हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, मागे मागे हात फिरवत गेला आणि बॅटरीच्या खालच्या बाजूला उंदराने कुरतडलेली वायर सापडली. उभ्या गाडीत उंदीर घर करतात हे नागपूरकरांना काय सांगायचं. सोल्डर करून, वरून हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवून, नवीन टेप लावून दिली. काळी टेप नुसती गुंडाळली असती तर उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून महिनाभरात परत उघडी पडली असती, ते त्यानेच सांगितलं. बिल साडेतीनशे. दिवा गेला तो गेलाच.

या शहरात इलेक्ट्रिकलचं काम इलेक्ट्रिशियनकडेच न्यायचं, मोठ्या बोर्डावर जायचं नाही.

४ फेब्रुवारी

पार्टचा विषय. होंडाचा पार्ट नंबर पाच-तीन-तीन असा असतो आणि मधली तीन अक्षरं कोणत्या गाडीसाठी तो पार्ट पहिल्यांदा बनला ते सांगतात. आमच्या पिढीच्या सीआर-व्हीचं एसडब्ल्यूए. सस्पेन्शनचे बुश (रबरी सांधे), आर्म, शॉकअप यांच्या खोक्यावर मध्ये एसडब्ल्यूए दिसलं की जीवात जीव येतो. इंजिनचे काही पार्ट त्याच काळातल्या अॅकॉर्ड २.४ शी जुळतात आणि अॅकॉर्ड इथेच जोडली जायची, त्यामुळे ते तुलनेने लवकर मिळतात, पण नंबर जुळवल्याशिवाय घ्यायचं नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर चॅसिस नंबर दिला तर ते कॅटलॉगमधून नेमका नंबर काढून देतात, आणि लेबर त्यांच्याकडे करा अशी सक्तीही करत नाहीत. ड्युअल पंप फ्लुइड आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, दोन्ही तिथूनच मागवलं, आठवडाभरात येतो म्हणाले. पक्कं बिल. काउंटरवरचा पोरगा फार कामाचा आहे, स्वतःहून म्हणाला, दादा ड्रेन प्लगचे वॉशरपण घेऊन जा, जुने परत लावू नका.

११ फेब्रुवारी

मागच्या डिफचं काम मानेवाड्याला झालं. काकांची पद्धत लिहून ठेवतो.

गाडी आधी थोडी चालवून ऑइल कोमट केलं. मग खाली उतरून पहिल्यांदा वरचा फिलर प्लग उघडला आणि तो उघडला याची खात्री झाल्यावरच खालचा ड्रेन. का, तर खालून ऑइल सोडून दिलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी तिथेच अडकते, ना भरता येत ना नेता येत. इतकी साधी गोष्ट, पण किती जण उलटं करतात. प्लगला चौकोनी खाच असते, रॅचेटचं टोक थेट बसतं, त्यामुळे पान्याने गोल व्हायची भीती नाही. जुनं ऑइल काळं-तपकिरी, वास जळका. सव्वा लिटरच्या आत-बाहेर नवीन गेलं, फिलरच्या तोंडाशी येऊन बाहेर पाझरायला लागलं की लेव्हल झाली. नवीन वॉशर, प्लग घट्ट, आणि त्यांनी दोन्ही प्लगवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, म्हणजे पुढच्या वेळी हलला का ते दिसेल.

मग बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी पूर्ण वळवून डावीकडे-उजवीकडे हळू हळू गोल फिरवली, म्हणजे नवीन फ्लुइड प्लेटांमध्ये शिरतं. सुरुवातीला थोडी गुरगुर होती, मग कमी होत होत गेली. काका म्हणाले हजारेक किमी चालवा आणि परत एकदा बदला, आतमध्ये राहिलेली घाण निघून जाईल. लेबर घ्यायला तयारच नव्हते, म्हणत होते मलेही शिकायला भेटलं. बळेच खिशात कोंबले.

२५ फेब्रुवारी

हे प्रत्येक जुन्या होंडावाल्याने करावं असं मनापासून वाटतं: एअरबॅगची तपासणी. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं, आणि वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा सोसून ते बिघडतं, मग अपघातात एअरबॅग नुसती फुगायच्या ऐवजी इन्फ्लेटर फुटून लोखंडाचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. जगभरात यात माणसं मेलीत. होंडाने भारतातही बऱ्याच मॉडेलांसाठी रिकॉल काढले, त्यात जुन्या सीआर-व्हीही आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैमध्ये भिंती घाम सोडतात, म्हणजे या पदार्थाला जे सोसत नाही ते सगळं इथे आहे.

कंपनीच्या अधिकृत साईटवर १७ अक्षरी चॅसिस नंबर टाकून बघितलं, मग सर्व्हिस सेंटरला जाऊन त्यांच्या सिस्टिमवरही बघायला लावलं. माझ्या नंबरवर काही बाकी नाही. बाकी असतं तर बदलून फुकट मिळालं असतं. हे काम बाहेर कुठेही करायचं नाही, कोणी कितीही ओळखीचा असला तरी, आणि भंगारातून आणलेली एअरबॅग तर चुकूनही नाही.

तिथेच एक गृहस्थ भेटले, त्यांना आरसी नूतनीकरणाचं टेन्शन होतं. १५ वर्षांनंतर साध्या कारचं नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार आणि इम्पोर्टेड गाडीचं चाळीस हजार झालं होतं, म्हणून आरसीवर गाडीची नोंद कशी आहे ते आधीच नीट बघून ठेवावं. वरून आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. माझ्या गाडीचं आधीच्या मालकांनी मागच्या वर्षीच करून ठेवलंय.

१० मार्च

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इथे मी फार कडक आहे. वाडीकडच्या एका ठिकाणी मशीन लावून फ्लश करून देतो म्हणत होते, सगळं ऑइल एका झटक्यात नवीन. होंडाच्या जुन्या गिअरबॉक्सला ते नको, साचलेली घाण उठून बारीक वाटांमध्ये जाऊन बसते. साधं ड्रेन आणि फिल करायचं. एका वेळेला अडीच लिटरच्या आसपास निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा ऑइलने भरलेला भाग) राहतं, म्हणून थोडी चालवून, सगळे गिअर पाडून, परत तेच. जुनं एटीएफ-झेड१ होतं, आता त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ येतं आणि दोन्ही एकमेकांत चालतात.

काकांनी ड्रेन प्लगचं चुंबक पुसून दाखवलं: मऊ करडी लेप, कण नाहीत. म्हणजे आतले क्लच झिजतायत ते वयाप्रमाणे, तुटून काही पडत नाहीये. लेव्हल बघताना गाडी पूर्ण गरम करून बंद केली आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आतच डिपस्टिक बघितली, होंडाची पद्धत तशीच आहे, चालू इंजिनवर बघायची नाही. हे मात्र काकांना आधीपासून माहीत होतं.

गिअर आता लोण्यासारखे पडतात.

७ एप्रिल

एसी. मानकापूरकडे एक एसीवाला, मावसभावाने सांगितला, त्याची ग्रँड विटारा तिथेच जाते. याची परीक्षा सोपी होती. गॅस भरताना तो काय करतो ते बघायचं. बहुतेक जण हाताला पाइप गार लागला की "झालं साहेब" म्हणतात. याने आधी लीक बघितली, एसीचा गॅस जिथे थंड होतो त्या पुढच्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात दगड लागून ऑइलचा ओला डाग होता. या गाडीचा कंडेन्सर पुढून उघडाच असतो, त्यात गिट्टीचे टिप्पर आपल्या रिंग रोडवर दिवसरात्र. कंडेन्सर बदलला, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर बदलला, अर्धा तास व्हॅक्यूम लावून ठेवला आणि व्हॅक्यूम धरतो का ते बघत बसला, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये जेवढा १३४-ए गॅस लिहिलाय तेवढाच काट्यावर मोजून भरला. ऑइलसुद्धा मोजून. कंडेन्सरच्या पुढे जाळीपण बसवून दिली.

दुपारी दोन वाजता वर्धा रोडला सिग्नलवर उभा होतो, आतमध्ये सुख होतं.

२० एप्रिल

काल मतदान होतं, सगळं बंद. आज इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार. डी मध्ये थरथर याचीच होती, बाजूचं हायड्रॉलिक माउंटिंग फाटून आतलं तेल गळून गेलेलं. इतवारीत एकाने रबर भरून "जसंच्या तसं" करून देतो म्हटलं होतं. नको. आतला द्रवच कंप खातो, ठोस रबर भरलं तर गाडी अजून थरथरेल. पार्ट मुंबईहून आला, तोवर थांबलो. काकांनी लाकडी ठोकळ्यावर जॅक देऊन इंजिन उचललं, खालच्या ऑइलच्या टाकीवर (संप) थेट जॅक लावला नाही.

५ मे

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट. या इंजिनला टायमिंग चेन आहे म्हणून लोक समजतात की वरचं काही बघायचंच नाही, पण यात ही फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, गॅप हातानेच सेट करावा लागतो. आणि होंडाचं म्हणणं असं की सिलिंडर हेड ३८ अंशांच्या खाली असतानाच मोजायचं. आता नागपुरात मे महिन्यात ३८ च्या खाली हेड आणायचं कुठून, सावलीत उभी गाडीच ४४ ची असते! काकांना म्हटलं पावसाळ्यात करू. ते म्हणाले नाही, गाडी रात्री इथेच सोडा, बॉनेट उघडं ठेवतो, पहाटे पाचला या.

पहाटे गेलो. ते आधीच आलेले, टॅपेट कव्हर उघडून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पुसून बसले होते. मोबाईलच्या उजेडात एकेक व्हॉल्व्ह, नट सैल, स्क्रू, गेज, नट घट्ट, परत गेज. घट्ट केल्यावर गॅप थोडा हलतो म्हणून परत मोजायचाच. एक्झॉस्टचे दोन आवळलेले, म्हणजे गॅप कमी झालेले, निघाले. आवळलेला व्हॉल्व्ह आवाज करत नाही, म्हणून तो कोणाला कळत नाही, आणि हळूहळू जळतो. ऊन चढायच्या आत कव्हर बंद. मग चौकात तर्री पोहे, माझ्याकडून.

अशा माणसाला मी मिस्त्री म्हणत नाही, उस्ताद म्हणतो.

१९ मे

त्रिमूर्ती नगरातल्या एका दादांकडे शेव्हरोले फॉरेस्टर आहे. नाव शेव्हरोले, पण गाडी जपानच्या सुबारूची, तेव्हा जनरल मोटर्सची त्या कंपनीत भागीदारी होती म्हणून आपल्याकडे तशी विकली गेली. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात विक्रीच थांबवली, आणि सुबारूचं तर इथे दुकान कधी नव्हतंच. त्यांचं ऐकून माझी काळजी किती छोटी आहे ते कळलं. ते पार्ट नंबर स्वतः काढतात, बाहेरच्या देशातून मागवतात, आणि इंजिनचे सिलिंडर आडवे असल्यामुळे स्पार्क प्लग बदलायलाही माणूस शोधावा लागतो. त्यांना काकांकडे घेऊन गेलो. काकांनी पुन्हा चष्मा लावला, वाकून बघितलं आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते पहिल्यांदा विचारलं. दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्याकडून मला हिंगण्याचा एक खरादवाला मिळाला, प्रेसवर बुश सरळ बसवतो, हातोडा लावत नाही.

२ जून

लोअर आर्मचे बुश हिंगण्याला प्रेसवर बसले. बसवल्यावर आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत, चाकं जमिनीवर, गाडीचं वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. खरादवाल्यानेच आठवण करून दिली.

चारही टायर एकदम नवीन, २२५/६५ आर१७, एकाच कंपनीचे, चारही बनल्याचा आठवडा-साल बघून घेतले. पुढे नवीन मागे जुने असं या गाडीत चालत नाही, घेर वेगळा झाला की मागच्या डिफचे दोन पंप सरळ रस्त्यावरही कायम भांडत राहतात. अलाइनमेंटवाल्याने आधीचा आणि नंतरचा दोन्ही प्रिंट दिला, न मागता.

शिवमडक्याहून समृद्धीवर चढून कारंज्यापर्यंत जाऊन आलो. पहाटे निघालो, ऊन तापायच्या आत परत. १२० च्या मर्यादेत गाडी सरळ रेषेत, हात सोडला तरी ओढत नाही, टोलनाक्याला वळताना मागून कसलाही आवाज नाही, एसी एक नंबरवर.

बाकी काम: डिफचं दुसरं फ्लुइड, निळं कूलंट, मागचे ट्रेलिंग आर्म बुश. फ्लुइड आणि कूलंट काउंटरवर सांगून ठेवलंय, बुशचा एसडब्ल्यूए नंबर काढून झाला. काकांनी पाऊस लागायच्या आधीचा रविवार दिलाय. फॉरेस्टरवाले दादापण त्याच दिवशी येऊन राहिले, बेल्टचा किट त्यांच्या हातात आलाय.